एका इंग्रजी शब्दाचं वाळवण

भामरे सरांचं व्याख्यान आहे म्हटलं की सुरतेच्या गोडादऱ्यातल्या मराठी माणसाला हटकून बारडोलीला कुणाच्या तरी कार्यक्रमाला जायचं आठवतं. गेल्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या व्याख्यानमालेत सर इंग्रजीतल्या स्वल्पविरामावर बोलले. त्या दिवशी निम्मं मंडळ बारडोलीला एका साखरपुड्याला गेलं होतं आणि उरलेलं निम्मं, तो साखरपुडा नक्की कुणाचा हे विचारायला. सभागृहात सर होते आणि माइकवाला होता. त्यातला माइकवाला पहिल्या स्वल्पविरामालाच झोपला, तो आभारप्रदर्शनाला उठला. आभारही सरांनीच मानले.

आता अशोक भामरे म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. मूळचे अमळनेरकडचे. सुरतेतल्या एका मराठी शाळेत त्यांनी उभी हयात इंग्रजी शिकवलं. गिरणीतल्या कामगारांची पोरं त्यांच्या हाताखालून जाऊन बँकेत, सरकारी कचेरीत खुर्च्यांवर बसली. पण खुर्चीवर बसलेला माणूस पुन्हा सरांसमोरच्या खुर्चीवर बसायला काही तयार नसे. व्याख्यानमाला सुरू केली होती ती सरांनीच, आणि त्यांच्या लेखी ती लेकरासारखी होती. अंगाला लागत नसली तरी घरची.

फाल्गुनातल्या बैठकीत पराग उठला. पराग म्हणजे मंडळाचा चिटणीस, बँकेत अधिकारी, सरांचाच विद्यार्थी आणि तसा गुणी. त्यानं मान खाली घालून ठराव मांडला की यंदाही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर पुढच्या वर्षीपासून व्याख्यानमाला बंद, त्या जागी हौजी. हौजीला बायका येतात, पोरं येतात, म्हाताऱ्याही आकडे खोडायला चष्मा विसरत नाहीत. बैठकीनं एवढ्या उत्साहानं माना डोलावल्या की सरांना आपल्याच मंडळात पाहुण्यासारखं वाटलं.

सर उठून उभे राहिले. यंदाचं व्याख्यान मीच देणार, म्हणाले, आणि विषयही आजच सांगतो. एकच शब्द. ड्राय. दिवसभर तुम्ही तो तोंडात घोळवता. ड्रायफ्रूट खाता, ड्रायक्लीनिंगला सूट टाकता, ड्राय राज्यात राहता. पण तो आला कुठून, आणि एवढ्या घरांत राहायला गेला कसा, हे कुणी विचारलंय का?

कुणीच विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, विचारावंसंही कुणाला वाटलं नाही.

घरी आल्यावर सरांनी नीलाताईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, विषय सांगितला. ताई गहू निवडत होत्या. चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्या म्हणाल्या, "विषय कशाला निवडला? तुम्ही बोलायला लागलात की तो आपोआप येतोच." सरांना यातलं बोचलं ते एवढंच, की हे वाक्य त्यांच्या व्याख्यानात उदाहरण म्हणून छान बसलं असतं आणि ते त्यांना सुचलं नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. सुरतेत सल्ला मागावा लागत नाही, पत्ता विचारला तरी सोबत मिळतो. शेजारचा वाल्मिक, साडीछपाईच्या कारखान्यात मास्तर, हा सरांचा एकमेव निष्ठावान माणूस. त्याचं म्हणणं, लोचो ठेवा. गरम लोचो, वरून तेल, शेव, कांदा. लोचोच्या वासावर माणूस कतारगामहून येईल. दुसऱ्या कुणी सुचवलं की सोडत ठेवा, पहिलं बक्षीस साडी. एकानं तर व्याख्यानच पंधरा मिनिटांचं ठेवा असं सुचवलं, आणि सरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. व्याख्यान हे व्याख्यान असतं, त्याला शेव लावून खायचं नसतं, असं त्यांनी वाल्मिकला बजावलं. वाल्मिकनं ऐकलं आणि निदान फलक तरी माझ्याकडे द्या म्हणाला. फलकाला काय हरकत असणार, म्हणून सर हो म्हणाले. इथे ते चुकले.

वाल्मिकनं फलक आपल्या कारखान्यातच छापून घेतला. साडी छापायच्या यंत्राला एक खोड असते. त्याला नक्षी एकदा दिली की ते ती कापड संपेपर्यंत पुन्हा पुन्हा छापत राहतं; साडीवर एकच कोयरी छापून कोण घेईल? तर यंत्रानं प्रामाणिकपणे आपलं काम केलं. गुलाबी जॉर्जेटवर, जरीच्या काठासकट, सबंध साडीभर 'ड्राय — भामरे सर' 'ड्राय — भामरे सर' अशी बुट्टी उमटली. निऱ्यांतही सर होते, पदरावर जरा मोठे होते. वाल्मिकनं ते दारात उलगडलं तेव्हा नीलाताई आत निघून गेल्या आणि बराच वेळ आतून खोकल्याचा आवाज येत राहिला.

एवढ्यावर भागलं असतं तर ती सुरत कसली. सभागृह मिळालं, पण माइक लावायचा तर पोलीस चौकीची परवानगी हवी. सर अर्ज घेऊन गेले. साहेबांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि मान वर केली. गुजरातेत चौकीत जाऊन ड्राय या विषयावर सभा घेतो म्हणणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. त्यांनी हिंदीत विचारलं, बाजूने बोलणार की विरोधात? सर म्हणाले, बाजू नाही, विरोध नाही, फक्त व्युत्पत्ती. साहेबांनी हा शब्द थोडा वेळ तोंडात धरला आणि मग विचारलं, "व्युत्पत्ती का परमिट है?"

सरांनी मग तिथेच उभ्या उभ्या व्युत्पत्ती म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ते ऐकता ऐकता साहेबांनी परवानगीवर सही ठोकली, पण एक अट घातली. एक हवालदार सभेला पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर राहील आणि काय काय बोललं गेलं ते येऊन सांगेल. दुसऱ्याला अपमान वाटला असता. सर मात्र हवेत तरंगत घरी आले. शेवटपर्यंत बसणारा एक श्रोता सरकारनंच दिला होता.

तारीख ठरली चैत्रातला रविवार, सकाळी नऊ. आणि इथे सरांनी जी चूक केली ती करायला माणूस खानदेशी असावा लागतो आणि शिवाय त्याचं घरात लक्ष नसावं लागतं. गुरुवारीच नीलाताईंनी त्यांना सांगितलं होतं की गहू भिजत घातलाय, रविवारी चीक आहे. सर तेव्हा जर्मन भाषेत ड्रायचा चुलतभाऊ शोधत होते. ते "हं" म्हणाले. संसारात या "हं"नं जेवढं नुकसान केलंय तेवढं भांडणांनी केलेलं नाही.

चीक म्हणजे काय ते ज्याच्या घरी कुरडया होतात त्याला सांगायला नको, आणि ज्याच्या होत नाहीत त्याच्याबद्दल वाईट वाटतं. भिजलेला गहू वाटायचा, गाळायचा, खाली बसलेलं सत्त्व घ्यायचं आणि ते मोठ्या पातेल्यात हिंगमीठ घालून शिजवायचं. ढवळायला पुरुषाचा दंड लागतो. शिजला की गरम असतानाच सोऱ्यातून कपड्यावर कुरडया पाडायच्या. तो थांबत नाही. घरात बारसं असो की भांडण, चीक तयार झाला की सगळी आळी गच्चीवर. सरांच्या सोसायटीत त्या रविवारी चीक होता, समोरच्या सोसायटीत होता, त्यापलीकडेही होता. उन्हाची ती वेळच तशी असते.

रविवारी नऊ वाजता सर कोट घालून सभागृहात उभे होते. समोर हवालदार बसला होता, डायरी उघडून. मागच्या रांगेत पराग होता, बाजूला हौजीच्या तिकिटांची पिशवी ठेवून. दारावर गुलाबी जॉर्जेट फडफडत होतं. बाकी खुर्च्या ओळीनं कोऱ्या. साडेनऊ झाले, दहा झाले. परागनं एकदा खुर्च्यांचा फोटो काढला आणि मग सरांकडे पाहून मोबाइल खिशात घातला. त्याला लाज वाटली. सरांना ते दिसलं, आणि तेच जास्त लागलं.

शेवटी वाल्मिकनं घसा खाकरून सांगितलं की सर, सगळे गच्चीवर आहेत, चीक आहे. मी पण निसटून आलोय, माझा दंड तिकडे मोजलेला आहे.

तेव्हा कुठे सरांना गुरुवारचं "हं" आठवलं. वाल्मिकनं माइकचा खोका, फलक, हवालदार आणि पराग सगळं रिक्षात भरलं आणि मंडळी सोसायटीकडे निघाली. सरांना नीलाताईंना एकच विचारायचं होतं. बाकी जगाचं ठीक आहे, पण तू?

गच्चीवर पाय ठेवला तर तिथे वेगळंच प्रकरण पेटलेलं. अर्धी गच्ची सौरपट्ट्यांनी व्यापलेली, उरलेल्या अर्धीवर धोतरं अंथरून पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या ओळी. पातेल्यातून वाफ येत होती. आणि मधोमध सोसायटीचे चेअरमन ठाकोरभाई हातात ठरावाचा कागद घेऊन उभे. ठाकोरभाई सुरती माणूस, जीव लावणारा, पण ठरावाच्या बाबतीत बापाचंही ऐकणार नाही. सौरपट्ट्या बसवल्यापासून सोसायटीनं ठराव केला होता की गच्ची फक्त सांस्कृतिक कार्यक्रमासाठी वापरायची. वाळवणावर कबुतरं येतात, कबुतरं पट्ट्या घाण करतात. तेव्हा हे सगळं उचला, आत्ताच्या आत्ता. ओल्या कुरडया उचलायच्या म्हणजे त्यांचा लगदा करायचा, हे त्यांना कुणी कसं समजावणार? पाच घरांचं वर्षाचं वाळवण खाली पसरलेलं होतं. नीलाताईंचे डोळे भरून आले होते, आणि नीलाताईंचे डोळे सहसा भरून येत नाहीत.

त्यांना तसं पाहून सर आपला प्रश्न विसरले.

सोऱ्या धरून बसल्या होत्या मालतीबाई. सोसायटीतल्या सगळ्यांत ज्येष्ठ, दोन सुना आणि एक चेअरमन वळणावर आणलेली बाई. त्यांनी जिन्यात उभं असलेलं लटांबर पाहिलं. कोटातले सर, माइकचा खोका, वर्दीतला हवालदार, गुलाबी फलक. त्यांनी सोऱ्या खाली ठेवला नाही, फक्त मान वळवली.

"ठाकोरभाई, कार्यक्रमच तर शे," त्या अहिराणीत म्हणाल्या आणि सरांना पुढे बसायची खूण केली. "हाऊ पाहा वक्ता उना. सर, बठा आठे. चालू करा."

ठाकोरभाईंनी संशयानं वळून पाहिलं आणि क्यां छे, म्हणजे कुठे आहे कार्यक्रम, असं विचारलं. तेव्हा हवालदार पुढे झाला. त्यानं डायरीतून परवानगीचा कागद काढला आणि सरकारी आवाजात वाचून दाखवला. अशोक भामरे, व्याख्यान, माइकसह, आजची तारीख. जागेचं नाव वाचताना त्याला नेमकी ढास लागली. कागदावर चौकीचा शिक्का होता, आणि शिक्क्यापुढे ठाकोरभाई नेहमीच मऊ होत. ते म्हणाले, ठीक, कार्यक्रम चालू आहे तोवर गच्ची तुमची. कार्यक्रम संपला की सगळं साफ. आणि स्वतःच एक खुर्ची ओढून, हे लोक फसवत तर नाहीत ना हे पाहायला, पहिल्या रांगेत बसले.

सरांनी मालतीबाईंना हळूच विचारलं, की कुरडया उचलण्याजोग्या व्हायला किती वेळ लागेल. त्यांनी उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, दिवस कलेपर्यंत.

हे ऐकून दुसरा माणूस खचला असता. उभ्या आयुष्यात ज्यांना लोकांनी फक्त 'आवरा' असं खुणावलं, त्या भामरे सरांना आज कुणीतरी सांगत होतं की दिवस कलेपर्यंत थांबू नका. त्यांनी कोट काढून पाण्याच्या टाकीवर टाकला.

वाल्मिकनं माइक जोडला, आणि बायकांच्या डोक्यावर सावली म्हणून तो गुलाबी फलक एका टोकाला टाकीला आणि दुसऱ्याला अँटेनाच्या दांड्याला बांधला. वाऱ्यावर सहावारी सर फडफडायला लागले, आणि काय सांगावं, कबुतरं उडाली ती परत कुरडयांकडे फिरकली नाहीत. ठाकोरभाईंनी हेही टिपून घेतलं. त्याच वाऱ्यानं सरांची टिपणंही उडवली. महिनाभर घोटून लिहिलेली पानं सौरपट्ट्यांवरून समोरच्या गल्लीत गेली. सरांनी माइक हातात घेतला. मग त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच, पल्लेदार वाक्यांशिवाय, साधी गोष्ट सुरू झाली.

ते म्हणाले, बायांनो, ड्राय हा शब्द इंग्रजांच्या घरचा, फार जुना. त्याच कुळातले वलंदेज, म्हणजे डच, त्याला द्रोख म्हणतात आणि जर्मन ट्रोकन. पाणी काढून देणारं ड्रेन आणि दुष्काळाचं ड्राउट हीदेखील त्याच घरची लेकरं. हे डच परके नाहीत, आपल्या कतारगामला त्यांच्या कबरी आहेत. सुरतेत त्यांची वखार होती. वाळवलेला माल पिंपात भरून ते देशोदेशी नेत. जाणकारांचा एक अंदाज असा, की त्या वाळल्या मालाच्या पिंपांवरून औषधाला ड्रग म्हणायला लागले. म्हणजे वाळवण हा जगाचा धंदा आहे आणि तुम्ही इथे तोच करताय.

पातेल्यात ढवळणारे हात थांबले आणि लगेच मालतीबाईंच्या नजरेनं पुन्हा सुरू झाले. सर सुटले. भाकड गाईला इंग्रज ड्राय म्हणतो, हे ऐकून बायका हसल्या. गाय वाळत कशी घालतात, असं कुणीतरी विचारलं आणि त्यावर सर पाऊण तास बोलले. अमेरिकेत कापडाच्या दुकानाला ड्राय मालाचं दुकान म्हणत, असं सांगितल्यावर वाल्मिक ढवळता ढवळता ताठ झाला. कापडाच्या दुकानांनी भरलेला सगळा रिंगरोड ड्राय निघाला होता. ज्या दारूत गोडवा नाही ती ड्राय, इथपर्यंत सर आले तेव्हा हवालदारानं पेन्सिल वर केली, आणि दारूच नाही ते राज्यही ड्राय, ही बोली अमेरिकेतून आली, हे ऐकल्यावर ती खाली आणली. त्याला ते आपल्याकडचंच वाटत होतं. थोडा नाराज झाला, पण लिहून घेतलं.

दुपारी सरांनी ड्राय विनोदाचं उदाहरण दिलं. चेहरा न हलवता केलेली थट्टा. आमच्या घरी हिच्याशिवाय कुणाला जमत नाही, म्हणाले, आणि फाल्गुनातलं ताईंचं ते वाक्य जसंच्या तसं सगळ्यांना सांगितलं. गच्ची खो खो हसली. नीलाताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी वाटीत गरम चीक घातला, त्यावर दूध, साखर घातली आणि वक्त्याच्या हातात दिली. सरांना ती दाद कळली.

पण खरी गंमत तर पुढेच होती. माइकचा आवाज चौफेर जात होता आणि चैत्रातल्या रविवारी गोडादऱ्यातली एकही गच्ची रिकामी नव्हती. समोरच्या सोसायटीतल्या बायकांनी पाट इकडे वळवून घेतले. त्यापलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडून सांगितलं की भाकड गाय आम्हाला नीट ऐकू आली नाही, पुन्हा सांगा. सरांनी पुन्हा सांगितली. परागला मालतीबाईंनी केव्हाच सोऱ्या फिरवायला बसवलं होतं. त्यानं पिठाळ हातानं मोबाइल काढला आणि श्रोत्यांचा फोटो घ्यायला लागला, पण कितीही मागे सरकला तरी सगळे एका फोटोत मावेनात. गच्चीचा कठडा लागल्यावर त्यानं नाद सोडला. हौजीच्या तिकिटांची पिशवी धोतराच्या कोपऱ्यावर वजन म्हणून ठेवली होती आणि तिथे ती अगदी उपयोगी पडत होती.

मधेच सर पाणी प्यायला थांबले तर ठाकोरभाई उठून उभे राहिले. कार्यक्रम संपला म्हणतात की काय? ते माइकजवळ आले, ठरावाची घडी करून खिशात घातली आणि पुढची गोष्ट ऐकायची म्हणून विचारलं, "सर, ए डच लोकोनुं पछी शुं थयुं?"

दिवस कलला तेव्हा सर ड्रायडॉकपर्यंत, म्हणजे जहाजं दुरुस्त करायच्या कोरड्या गोदीपर्यंत, पोचले होते आणि तापीच्या ओहोटीला अडकलेल्या गलबतावर उभे होते. त्यांचा आवाज बसला होता. मालतीबाईंनी कडेची एक कुरडई अलगद उचलली. ती अख्खी निघाली. त्यांनी ती उन्हाकडे धरून पाहिली, मग सगळ्यांना दाखवली आणि सरांना हात जोडले. चारी बाजूंच्या गच्च्यांवरून टाळ्या आल्या. आता त्या व्याख्यानाला होत्या की कुरडईला हे काही सांगता येत नाही, पण सरांनी दोन्हीच्या वतीनं वाकून स्वीकारल्या.

हवालदारानं डायरी मिटली आणि चौकीला जाऊन तक्रार करण्यासारखं काही आढळलं नाही असं सांगितलं. जाताना त्यानं पुढच्या वर्षीही आपलीच नेमणूक व्हावी म्हणून सरांनी साहेबांकडे शब्द टाकावा, अशी गळ घातली. परागनं ठराव मागे घेतला. खुर्च्या रिकाम्या राहिल्या हे खरं, पण त्यावर बसायला कुणी मोकळंच नव्हतं, असा शेरा त्यानं इतिवृत्तात लिहिला. सरांनी त्यातला एक स्वल्पविराम तेवढा सुधारून दिला.

त्या रात्री सर कधी नव्हे ते लवकर झोपले. उजाडता उजाडता दाराची घंटा वाजली. नीलाताईंनी दार उघडलं तर मालतीबाई उभ्या, मागे तीन-चार बायका, कडेवर कुरडयांच्या पाट्या. त्यांच्याही मागे जिन्यात ठाकोरभाई, स्वतःची खुर्ची घेऊन. ऊन कोवळं होतं, पण येत होतं.

"सरले उठाडा," मालतीबाई म्हणाल्या. "कुरडयांले अजून एक ऊन लागी."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी भामरे सरांना व्याख्यानाला न्यायला आलं होतं. आवाज तर पार बसलेला. त्यांनी तसाच कोट चढवला, शब्दकोश काखेत मारला आणि जिना चढायला लागले.